चार हातांचे शीड

बारामतीहून फलटणला जाताना नीरा ओलांडावी लागते. फलटणजवळ विंचुर्णी नावाचे गाव आहे. पावसाची वाट पाहण्यात ज्याचा उन्हाळा जातो असा हा मुलूख. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, दोन जिल्हे ओलांडून. १९८३ साली नौदलाच्या पश्चिम विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी या विंचुर्णीत येऊन राहिले आणि ४ नोव्हेंबर २०१८ रोजी तिथेच वारले. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात आयएनएस कामोर्टाचे नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेला हा माणूस. भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एका भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी २००६ मध्ये नौदलापुढे ठेवली. ऐकायला ती साहसाची गोष्ट वाटते. पण बोट बांधणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला त्यातून एक अगदी कोरडा, कामाचा प्रश्न पडतो: जी शिडे ओढायला आठ-दहा जण लागतात, ती सोसाट्याच्या वाऱ्यात एकाने किंवा दोघांनी कशी आवरायची? डोलकाठी, तिला धरणारे ताण, शिडे आणि ती चढवणारे-उतरवणारे दोर यांच्यात काय काय बदलायचे? या प्रश्नाचे उत्तर कोणा एका कारागिराच्या डोक्यातून निघालेले नाही. ते अनेक शतकांत, अनेक किनाऱ्यांवर तुकड्यातुकड्याने घडले. त्याचा माग काढायचा तर आपल्याला बरेच मागे जावे लागते.

आपल्या भागापुरते म्हणाल तर हा माग सातवाहनांच्या नाण्यांपासून लागतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. नखाएवढ्या शिशाच्या तुकड्यावरही कारागिराने काठीपासून खाली येणारे ताण सोडलेले नाहीत. काठी नुसती उभी राहत नाही, तिला धरून ठेवावे लागते, हे त्याला पक्के ठाऊक असावे. पुढे अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवले गेले. त्याची शिडे उंच आणि चौकोनी आहेत. चौकोनी शीड मागून येणाऱ्या वाऱ्यावर उत्तम चालते, मात्र वाऱ्याच्या दिशेने तिरपे चढायचे झाले की अडते. अरबी समुद्राने यावर जे उत्तर स्वीकारले ते म्हणजे एका लांबलचक तिरप्या काठीला बांधलेले त्रिकोणी शीड, किंवा त्रिकोणाचे पुढचे टोक छाटलेले शीड. गुजरातपासून मलबारपर्यंत आणि पलीकडे आफ्रिकेपर्यंत शेकडो वर्षे याच शिडाने व्यापार केला. आपली गलबते, मचवे, शिबाडे त्याच घराण्यातली.

हे शीड देखणे आणि वेगवान खरेच, पण त्याला माणसे लागतात, आणि ती का लागतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. तिरपी काठी कित्येकदा बोटीएवढी लांब असते. वारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घ्यायचा म्हणजे ती काठी, शिडासकट, डोलकाठीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला न्यावी लागते. तांडेल हाक देतो, बोट वाऱ्याला पाठ करून वळवली जाते, शीड फडफडू लागते, काही जण काठीचा खालचा शेंडा डोलकाठीशी ओढून आणतात, काही जण शिडाचा सुटा कोपरा पुढून फिरवून पलीकडे धावतात. त्याच वेळी आणखी काही जण वाऱ्याकडच्या बाजूचे ताण सोडून नव्या बाजूला आवळतात, कारण या बोटींत डोलकाठीचे ताण कायमचे ठोकलेले नसतात. दर वळणाला ते बदलावे लागतात. एखाद्याचा हात चुकला तर काठी मोडते. वारा वाढला की हे शीड बेताने लहान करण्याची सोयही फारशी नसते; मोठे उतरवून दुसरे लहान चढवायचे, हाच उपाय. एकूण ही रचना ज्या जगात माणूस स्वस्त आणि काथ्या-लाकूड मुबलक होते, त्या जगाची आहे. तिच्यात दोष काढण्याचे कारण नाही. ज्या अटींवर ती उभी होती त्या अटींना ती चोख उतरत होती.

इंदापूरकरांना या कथेत एक नाते सापडेल. इंदापुरात मालोजीराजे भोसले लढाईत पडले, हे तिथे आजही सांगितले जाते. पुणे, सुपे, चाकण आणि इंदापूर हे परगणे पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. म्हणजे बारामती तालुक्यातले सुपे आणि शेजारचे इंदापूर या कोरड्या मुलखाच्या महसुलावर ज्याचे बालपण गेले, त्या मालोजींच्या नातवाने, शिवाजीराजांनी, १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर खाडीत जहाजे बांधायला काढली. रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज जाणकार या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कान फुंकल्यावर तो १६५९ मध्ये काम सोडून निघून गेला. काम थांबले नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज स्वतः ८५ लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे घेऊन बसरूरच्या स्वारीवर गेले. जाताना वारा मागून होता. परतताना वायव्येचा वारा तोंडावर आला आणि आरमार रखडले. इतिहासाच्या पुस्तकांत ही एका ओळीची बाब असते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र ती मोलाची आहे: तिरप्या काठीचे शीड वाऱ्यावर चढते, पण जोराच्या वाऱ्यावर आणि लाटेवर ते चढवत नेणे वेगळे. तिथे माणसांची संख्या मदतीला येत नाही.

पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी कोकण किनाऱ्यावर सरखेल कान्होजी आंग्र्यांचा अंमल होता. त्यांच्या गलबतांना शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की इंग्रजांचे जहाज जागीच डुलत राही आणि गलबते वल्ह्यांवर येऊन त्याच्या शेपटीकडे गोळा होत. म्हणजे मराठी आरमाराची लढाई शीड आणि हात या दोन्हींवर होती, आणि हातांचा तुटवडा नव्हता. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्येष्ठात नैऋत्येचा वारा उठला की गलबते किनाऱ्यावर ओढली जात, झावळ्यांनी शाकारली जात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचे नाव घेतले जात नसे. वादळी हवेसाठी वेगळी शिडे, वेगळे दोर असा विचार आपल्या परंपरेत फारसा वाढला नाही याचे कारण कारागिरांचे अज्ञान नव्हे. आपल्या खलाशाने वादळाला शहाणपणाने नकार दिला होता. पावसाळ्यात जो समुद्रात जातच नाही त्याला वादळात शीड कसे आवरावे याची चिंता कशाला? दक्षिणेचा महासागर मात्र असा सुटीचा हंगाम देत नाही. चाळीस अंश अक्षांशाच्या खाली गेले की बारा महिने पश्चिमेचा वारा आणि त्याच्या मागोमाग येणारी वादळे. आवटींच्या कल्पनेतली बोट जाणार होती ती तिथे.

मधला टप्पा आपण भरभर ओलांडू. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि मुंबईच्या गोदीत सागवानाची जहाजे बांधण्याचे घराणे उभे राहिले. त्यांच्याच गोदीतून १८१७ मध्ये उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. त्यावर तीनशेहून अधिक माणसे असत, आणि तीन डोलकाठ्यांवर चढून शिडे गोळा करण्यासाठी ती लागतही असत. १८३४ मध्ये जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरातल्या खाणीत विल्हेल्म आल्बर्ट याने लोखंडी तारा पिळून दोर केला तो खनिज वर ओढण्यासाठी. काही दशकांतच तो जहाजांच्या डोलकाठ्यांचा ताण झाला. काथ्या, ताग, अंबाडी यांचा दोर पावसात आखडतो आणि उन्हात सैल पडतो, म्हणून त्याच्या मागे सतत माणूस हवा. तारेला तो नको. जहाजावरच्या माणसांच्या यादीतली पहिली मोठी काटछाट खाणीतल्या या दोराने केली, आणि तिची आठवण आज फारशी कोणी ठेवत नाही.

खरे वळण येते ते १८९५ मध्ये. नोव्हा स्कोशियात जन्मलेला, व्यापारी जहाजांचा कप्तान म्हणून उमेदीची वर्षे घालवलेला जोशुआ स्लोकम ‘स्प्रे’ या बोटीतून एप्रिलमध्ये बॉस्टनहून निघाला आणि जून १८९८ मध्ये न्यूपोर्टला परतला. पृथ्वीला एकट्याने फेरी घालणारा पहिला माणूस. ‘स्प्रे’ म्हणजे कालवे धरण्याची एक कुजलेली जुनी बोट. ती त्याने स्वतः एकेक फळी बदलून नव्याने उभी केली होती. निघताना तिला एकच उंच डोलकाठी होती. ब्युनोस आयर्सला पोचेपर्यंत स्लोकमच्या ध्यानात आले की पुढच्या वाऱ्यांत एवढी उंची एकट्याला झेपणारी नाही. त्याने डोलकाठी उपसली आणि ती सात फूट कापली. नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, पुढे आलेला दांडाही आखूड केला. पुढे मॅगेलनच्या सामुद्रधुनीत त्याने बोटीच्या मागच्या टोकाशी एक लहान काठी आणि लहान शीड बसवले. परिणाम असा झाला की शिडांचा तोल साधून सुकाणू बांधून ठेवले की ‘स्प्रे’ तासन् तास आपली वाट धरून राही आणि स्लोकम खाली जाऊन वाचत बसे. एकट्यासाठी केलेली ही पहिली मोठी सुधारणा म्हणजे करवतीने केलेली कपात होती. नवे काही विकत घेण्याआधी काय काढून टाकता येईल ते पाहावे, हा धडा पुढच्या प्रत्येक पिढीने विसरून पुन्हा शिकलेला दिसतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी शर्यतीच्या नौकांवरून तिरपी वरची काठी हळूहळू गेली आणि उंच, निमुळत्या डोलकाठीवर थेट चढणारे त्रिकोणी मुख्य शीड आले. बर्म्युडा बेटांवरच्या होड्यांत त्याचे पूर्वज सतराव्या शतकापासून होते. आता वळण घेणे म्हणजे सुकाणू फिरवणे आणि पुढच्या शिडाचा एक दोर सोडून दुसरा ओढणे, एवढेच उरले. गलबतावर डझनभर लोकांनी धावून करायचे काम एका माणसाने बसल्या जागी करावे, इतका हा फरक. पुढचे शीड आपल्याच ताणाभोवती गुंडाळण्याची युक्तीही त्याच सुमारास आली, तेव्हा ती फक्त शीड मिटून ठेवण्यापुरती होती. अर्धवट गुंडाळून वाऱ्याला तोंड देण्याइतकी भरवशाची व्हायला तिला आणखी पाऊणशे वर्षे लागली.

मग १९६०. ब्लाँडी हॅसलर या निवृत्त ब्रिटिश मरीन अधिकाऱ्याने प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंत एकट्याने करायच्या शर्यतीचा घाट घातला. अटलांटिक पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पोचून पहिला आला, स्वतः हॅसलर ४८ दिवसांत दुसरा. निकालापेक्षा हॅसलरची ‘जेस्टर’ ही पंचवीस फुटी होडी अधिक लक्षात ठेवण्याजोगी. तिच्यावर त्याने चिनी जंक जहाजांचे शीड बसवले होते: आडव्या पट्ट्यांनी खणाखणांत विभागलेले, डोलकाठीला कसलेच ताण नाहीत. दोर सैल केला की तळाचा एक खण आपोआप मिटून बसे. वारा वाढला, एक खण खाली. आणखी वाढला, आणखी एक. हॅसलर हे सारे डेकच्या मधोमध असलेल्या गोल झरोक्यातून, अंग ओले न करता करत असे. त्याच्याच कल्पनेतून वाऱ्याच्या रोखावर सुकाणू सांभाळणारे पाते व्यवहारात आले आणि एकट्या खलाशाला झोप मिळू लागली. शर्यतींच्या जगाने ‘जेस्टर’चे शीड उचलले नाही, ते वाऱ्यावर हळू चढते म्हणून. तिचे तत्त्व मात्र उचलले: काम जिथे आहे तिथे माणसाने जायचे नाही, काम माणसाच्या हाताशी आणायचे.

इथे कथा मुंबईत येते. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनच्या नोकरीत असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण अधिकाऱ्याने १९६३-६४ मध्ये कुलाब्यात सागवानाची बत्तीस फुटी ‘सुहैली’ बांधून घेतली. नकाशे मागवले होते एका बोटीचे, आले दुसऱ्याच जुनाट बोटीचे. वेळ नव्हता म्हणून तीच बांधली. मुंबईच्या सुतारांनी तासणी आणि हातकरवत घेऊन तिचे लाकूड घडवले. १९६५च्या अखेरीस तो तिला घेऊन इंग्लंडला निघाला. १४ जून १९६८ रोजी फालमथहून, विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणेच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ती उतरली. नऊ जण निघाले होते. २२ एप्रिल १९६९ रोजी परतला तो एकटा नॉक्स-जॉन्स्टन. ‘सुहैली’ला दोन डोलकाठ्या. एकच मोठे शीड असण्याऐवजी ते दोन-तीन लहान शिडांत वाटलेले, म्हणजे प्रत्येक शीड एका माणसाच्या ताकदीत बसणारे. दक्षिणेच्या समुद्रात सुकाणू सांभाळणारे यंत्र मोडून गेले, तेव्हा शिडांचा तोल साधून तिने वाट धरली, ‘स्प्रे’ने धरली होती तशी. मागाहून येणाऱ्या लाटांवर ती आडवी होऊ नये म्हणून तो लांबच लांब दोर मागे सोडून देई. वेगाच्या दृष्टीने तिच्यापेक्षा सरस बोटी त्या शर्यतीत होत्या. त्या पोचल्या नाहीत.

ऑगस्ट १९७९ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात फास्टनेट शर्यतीवर वादळ कोसळले. ३०३ नौका निघाल्या होत्या, १५ खलाशी मेले. त्यानंतर शर्यतींचे नियम कडक झाले. वादळासाठीचे छोटे, जाड कापडाचे शीड हवे, नाळेकडेही तसेच एक हवे, ती बोटीवर नुसती असून चालणार नाही, चढवता आली पाहिजेत. कारण हिशेबाचे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. २० नॉटच्या वाऱ्यात सुखाने चालणारी बोट ४० नॉटमध्ये तेवढेच शीड ठेवील तर ती आडवी होईल, नाहीतर काठी मोडेल. म्हणून शीड टप्प्याटप्प्याने आखडायचे. खलाशी त्याला रीफ घेणे म्हणतात. नव्या बोटीवर ते कसे चालते ते पाहू. मुख्य शीड वर ओढणारा दोर मोजून तितकाच सोडायचा. कितपत, याची खूण दोरावर रंगीत धाग्याने केलेली असते. शीड खाली येते, पुढच्या काठावरची कडी डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या आकड्यात अडकवायची. मग मागच्या काठाचा दोर विंचवर, म्हणजे दोर आवळण्याच्या चरकावर, गुंडाळून आवळायचा की शिडाचा खालचा भाग, नऊवारीचा ओचा खोचावा तसा, आडव्या दांड्याशी गोळा होतो. उरलेले शीड लहान आणि सपाट. तीन माणसे असली की हे मिनिटभराचे काम. एकट्याला, रात्री, डेकवर पाणी येत असताना, कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून डोलकाठीपाशी जाऊन करावे लागले तर वेळही जातो आणि जीवही. म्हणून एकट्या-दुकट्याच्या बोटीवर हे सगळे दोर कप्प्यांवरून फिरवून मागे सुकाणूपाशी आणले जातात, शीड घर्षणाविना खाली यावे म्हणून काठीवरच्या पट्टीत चाकांचे गाडे बसवतात, आणि एका हाताने फिरवताना दोराचे टोक स्वतःच धरून ठेवणारे विंच घेतात. वादळी शिडाला काठीवर स्वतःची वेगळी पट्टी देतात, म्हणजे मुख्य शीड न काढता ते आधीच लावून ठेवता येते. नाळेकडे मुख्य ताणाच्या आत दुसरा ताण देऊन त्यावर लहान शीड चढवले की वारा वाढताना बोटीचा तोल डोलकाठीजवळ राहतो, आणि पुढचा ताण तुटला तरी काठी उभी राहते.

हे सारे समुद्रापुरतेच, असे मात्र समजू नये. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या काठची इंदापूर, करमाळा, दौंडमधली गावे यशवंतसागर जलाशयात गेली. पळसदेवचे जुने मंदिर दुष्काळाच्या वर्षी पाण्याबाहेर येते. जिथे रस्ते होते तिथे होड्या चालू लागल्या. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्या बोटीला शीड नव्हते. पण उघड्या पाण्यावर वारा किती कमी वेळात किती होतो, हे समजायला आपल्याला दक्षिण महासागरापर्यंत जाण्याची गरज नाही.

दोराची गोष्ट राहिली. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये पॉलिस्टर धागा निघाला आणि युद्धानंतर सुती शिडे व तागाचे दोर दोन्ही मागे पडले. ताणांसाठी स्टेनलेस स्टीलची एकोणीस तारांची पिळलेली तार रूढ झाली. ती वर्षानुवर्षे टिकते आणि मग पूर्वसूचना न देता तुटते, बहुधा टोकाशी, जिथे ती धातूच्या बोंडात दाबून बसवलेली असते आणि खारे पाणी आत साचते. म्हणून लांबच्या शर्यतीआधी ताण बदलणे, एक माप जाड घेणे, आणि बोंडे अशी घेणे की ती समुद्रात पान्याने उघडून पुन्हा बसवता येतील, ही तयारीची पहिली पायरी झाली. १९९०च्या सुमारास डच कंपनी डीएसएमने बाजारात आणलेल्या डायनिमा धाग्याने आणखी एक दार उघडले. वजनाच्या हिशेबात तो पोलादापेक्षा कितीतरी बळकट, पाण्यावर तरंगणारा, आणि बोटीवर बसून हाताने गुंफता येणारा. सततच्या ताणाखाली तो सावकाश लांबतो आणि घासला की जातो, हे त्याचे अवगुण. पण डोलकाठी मोडून बोटीला धडका देऊ लागली की पोलादी ताण तोडायला मोठी कात्री आणि दोन्ही हात लागतात, डायनिमा चाकूने कापता येतो. एकट्या माणसाच्या दृष्टीने हा गुण बाकी साऱ्या आकड्यांहून मोठा.

आवटींच्या कल्पनेसाठी २००६ मध्ये पुढे आलेला अधिकारी म्हणजे कमांडर दिलीप दोंदे. ते इंग्लंडला गेले आणि एकट्याच्या जागतिक शर्यतीची तयारी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली काम शिकले; कुलाब्यातून गेलेली विद्या चाळीस वर्षांनी अशी परत आली. बोट बांधली गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. ‘म्हादेई’ ५६ फुटी, लाकूड आणि फायबरग्लासची, डच आराखड्यावरची. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघून मार्च २०१३ अखेर, कुठेही न थांबता, परत आले. ‘म्हादेई’ २०११ आणि २०१४ मध्ये केप टाउन ते रिओ या शर्यतीतही उतरली. खरे सांगायचे तर ५६ फूट ही एकट्या माणसासाठी मोठी बोट. ‘सुहैली’चे उत्तर होते लहान शिडे, ‘म्हादेई’चे उत्तर होते मोठे शीड आणि ते आवरणारी यंत्रे. दोन्ही उत्तरे चालतात, दोन्हींची किंमत वेगवेगळी.

२०१८ मध्ये गोल्डन ग्लोबची पन्नाशी साजरी करायला जुन्या काळच्याच साधनांनी पुन्हा शर्यत भरली. टॉमींनी त्यासाठी गोव्यातच ‘सुहैली’ची प्रतिकृती बांधून घेतली, ‘तुरीया’. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, दोन्ही डोलकाठ्या गेल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांना उचलले. त्या शर्यतीत निघालेल्या १८ जणांपैकी पाचांच्या डोलकाठ्या मोडल्या आणि पाचच जण शेवटापर्यंत पोचले. पहिला आला ७३ वर्षांचा फ्रेंच खलाशी झाँ-ल्यूक व्हान डेन हीड. शर्यतीआधी त्याने आपल्या बोटीची डोलकाठी मुद्दाम आखूड करून घेतली होती. तीही वादळात सुटण्याच्या बेतात आली. काठीवर चढून दुरुस्त करत त्याने ती घरी आणली. स्लोकमची करवत सव्वाशे वर्षांनी पुन्हा कामाला आली होती.

पाठीत धातूच्या पट्ट्या घेऊन टॉमी २०२२च्या शर्यतीत परत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी ‘बायानात’ या ३६ फुटी बोटीतून दुसरे आले. दोन दिवस आधी पोचलेली दक्षिण आफ्रिकेची किर्स्टन नॉयशेफर पहिली. त्यानंतर टॉमींनी ज्यांना शिकवले त्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघी ‘म्हादेई’ची बहीण ‘तारिणी’ घेऊन २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या. २०१७-१८ मध्ये याच बोटीवर सहा जणी जगप्रदक्षिणा करून आल्या होत्या. आता त्याच २५ मीटर उंच डोलकाठीखाली दोघी. दोघी म्हणजे प्रत्यक्षात एकच, कारण एक झोपलेली असते. शर्यत नव्हती, पण केप हॉर्नला त्याची पर्वा नसते. दोंदे थांबले होते त्याच चार बंदरांत थांबत, पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल कापून त्या २९ मे २०२५ रोजी गोव्यात पोचल्या. किनाऱ्यावर तेव्हा पावसाळ्याचे ढग जमत होते आणि कोकणातले मचवे ओढून शाकारण्याची वेळ झाली होती.